पेढ्यासाठी आणलेलं पोतं

"पण माई, वाट दिसली म्हणजे तो परत नाही का यायचा?"

अरविंद चौगले मठाच्या अंगणात उभे होते. काखेत तागाचं नवं कोरं पोतं, हातात जाड वही.

माई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. ऐंशीच्या घरातली बाई. नदीच्या वळणावरचा तो लहानसा मठ त्या एकट्याच सांभाळत. देवासाठी येणारे थोडे, कुत्र्यांसाठी येणारे जास्त. कुणी जखमी कुत्रं आणून सोडी, कुणी पिल्लू मागायला येई.

"पोतं कशाला आणलंस?"

"झाकून न्यायला. आमच्याकडं सगळे तसंच नेतात. वाट कळू द्यायची नाही. मग ते नव्या घरी रुळतं."

माईंनी आणखी एक शेंग फोडली. दाणे ताटलीत पडले.

चौगल्यांना आज दम नव्हता. तीस वर्षं साखर कारखान्यात केमिस्ट होते. तपासल्याशिवाय रस पुढं जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची ख्याती. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पण आज एखाद्या पोरासारखे सकाळी सहालाच अंघोळ करून तयार बसले होते. घरी शैलाताईंनी, त्यांच्या बायकोनं, दोन वाट्या घासून ठेवल्या होत्या. एक पाण्याची, एक जेवणाची. नावसुद्धा ठरलं होतं. पेढा.

पेढा मागच्या ओट्यावर आपल्या काळ्या आईजवळ पडला होता. सहा महिन्यांचा, भाजल्या खव्याच्या रंगाचा. एक कान उभा, एक पडलेला.

"पेढ्या," चौगल्यांनी हाक मारली.

पेढ्यानं जांभई दिली.

"त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही की तो पेढा आहे," माई म्हणाल्या. "बस खाली. वहीत काय आहे?"

"प्रश्न. शेहेचाळीस."

"एवढी उत्तरं माझ्याजवळ नाहीत."

"असतील तेवढी द्या, माई. पूर्वतयारी केलेली बरी."

माईंनी ताटली बाजूला सारली.

"वाच."

"नाक कोरडं पडलं तर काय समजायचं?"

"झोपून उठल्यावर तुझं तोंड कोरडं पडत नाही?"

"पडतं."

"मग तू दवाखान्यात जातोस?"

चौगल्यांनी वहीत खूण केली.

"गवत खाल्लं तर?"

"खाऊ दे. रोज ओकायला लागला, मलूल झाला, तर दाखव."

"रेबीजचं इंजेक्शन?"

"झालंय. बाकीचीही झालीत. कार्ड देते. पुढची तारीख त्यावर आहे. ती चुकवलीस तर इकडं येऊ नकोस."

"जंताचं औषध, गोचीड…"

"औषध डॉक्टर सांगेल तेव्हा. गोचीड तू बघायची. रोज संध्याकाळी. कानामागं, बोटांच्या बेचक्यात. चष्मा लावून बघ."

"आम्ही खातो ते दिलं तर चालेल?"

"भात, भाकरी, अंडं दे. कांदा नको. द्राक्षं नकोत. चॉकलेट तर नकोच."

"आणि रक्ताची हगवण लागली तर? एकानं मला सांगितलं, मठातला अंगारा लावा."

माईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

"तेव्हा माझ्याकडं यायचं नाही. देवाकडंही नाही. सरळ डॉक्टरकडं. वाटेत चहालासुद्धा थांबायचं नाही."

चौगले भराभर लिहीत होते. उत्तर मिळालं की त्यांचा चेहरा उजळायचा. पंचेचाळिसावा प्रश्न झाला आणि त्यांनी वही मिटली.

"शेहेचाळीस म्हणालास ना?"

"तो… तो एवढा महत्त्वाचा नाही."

माईंनी हात पुढं केला. चौगल्यांनी वही दिली.

शेवटच्या पानावर एकच ओळ होती. लिहून खोडलेली. खोडून परत लिहिलेली.

माईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"न सांगता निघून गेला तर?"

…

"कोण गेलं होतं?" माईंनी विचारलं.

"गुंडू. आमचा आधीचा." चौगले पोत्याची कड चाळवत राहिले. "फार जपलं होतं त्याला मी. दिवसभर साखळीला. रस्त्यावरची कुत्री चावू नयेत, घाणेरडं काही खाऊ नये म्हणून. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके वाजले आणि साखळी तोडून गेला. पंधरा दिवस शोधला. शैला अजून त्या दिवशी दारात दोन पणत्या जास्त लावते."

"किती वर्षं झाली?"

"चार."

"आणि तू?"

"मी काय, माई. मी कुंपण घातलं. पाच फुटांची जाळी. नवीन फाटक, दोन कड्या. साखळी स्टीलची आणलीय, तुटणार नाही. यावेळी चूक होणार नाही."

माई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"ते पोतं दे."

चौगल्यांनी दिलं.

"आता डोक्यात घाल."

"कुणाच्या?"

"तुझ्याच. त्याचा नंबर मग."

चौगले हसले. माई हसल्या नाहीत.

साठीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. अंगणात कुत्र्यांशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी पोतं डोक्यावरून खाली ओढलं.

माईंनी त्यांचा हात धरला आणि चालायला लागल्या.

पायरी आली. पायरी गेली. पायाखाली माती, मग दगड, मग काहीतरी ओलं. कुठून तरी पाण्याचा आवाज. चौगल्यांचा श्वास तागात अडकत होता. एकदा ठेच लागली तेव्हा त्यांनी माईंचा हात दोन्ही हातांनी पकडला.

माई थांबल्या. पोतं काढलं.

चौगले तुळशीपाशी उभे होते. निघाले होते तिथून दहा पावलांवर.

"मला वाटलं नदीवर आलो," ते म्हणाले.

माई आपलं मनगट चोळत होत्या. त्यावर बोटांचे लाल वळ उठले होते.

"एवढा घट्ट का धरलास?"

"दिसत नव्हतं, माई."

"हं."

…

माईंनी पोत्याची घडी घातली आणि ओसरीवरच्या खुंटीला टांगली.

"तुझ्या घरापासून इथवर मोठा रस्ता लागतो?"

"नाही. उसातली पायवाट आहे. दीड मैल. बैलगाडीसुद्धा क्वचित."

"मग चालत ने. उघड्या डोळ्यांनी. त्याला हवं तिथं थांबू दे. आणि फाटक उघडं ठेव."

"उघडं?"

"उघडं."

"आणि परत इथं आला तर?"

"तू येऊन ने."

"कितीदा?"

माई परत शेंगा सोलायला बसल्या होत्या.

चौगल्यांनी पेढ्याच्या गळ्यात नवा पट्टा घातला आणि निघाले. दीड मैलाला दोन तास लागले. पेढ्यानं प्रत्येक बांध हुंगला. पाटाच्या पाण्यात उतरला, चौगल्यांच्या शर्टावर अंग झाडलं. चौगल्यांनी वाटेतून बायकोला चार फोन केले. पहिला, निघालो म्हणून. दुसरा, त्यानं खेकडा बघितला म्हणून. तिसरा, शेपटी हलवली म्हणून. चौथा, भात लाव म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पेढा मठात आईजवळ झोपलेला होता.

आठ वाजता चौगले आले.

"म्हणालो होतो ना मी, माई?"

"म्हणाला होतास."

"फाटक लावून घेऊ?"

"नको. ने त्याला."

त्यापुढच्या दिवशी पेढा परत आला. पण दुपारी. चौथ्या दिवशीही आला, तेव्हा ऊन उतरलं होतं. चौगले मागोमाग वही घेऊन हजर. आता त्या वहीत प्रश्न नव्हते, वेळा होत्या. साडेसहा. सव्वाबारा. पाच वाजून पाच.

"बघा माई, वेळ वाढतेय." त्यांचा आवाज चढला होता. "काल जेवून आला इथं. आधी जेवला, मग आला. आणि आज शैलाच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता चक्क. मी मोजलं, चाळीस मिनिटं. कान धुवायला घेतला तर दिला मला. पडलेला कान, तोच."

"गोचीड बघितलीस?"

"दोन सापडल्या. काढल्या."

"चष्मा लावून?"

"लावून."

माईंनी पेढ्याच्या पाठीवर थाप मारली. "जा रे," एवढंच म्हणाल्या.

पाचव्या दिवशी चौगले सकाळी सात वाजता आले. हातात पट्टा, ओठावर शीळ.

"आज लवकर आली वाटतं स्वारी," ते फाटकातूनच म्हणाले. "उठलो तर ओसरीवर नाही. म्हटलं, गेला असणार आईकडं. निघालो तसाच. कुठाय?"

माई अंगण झाडत होत्या. काळी कुत्री ओट्यावर एकटीच होती.

"इथं नाही आला," माई म्हणाल्या.

शीळ थांबली.

"नीट बघितलंत? मागं, नदीकडं?"

"मी चारला उठलेय, अरविंदा. नाही आला."

चौगले मठाच्या मागं गेले. नदीपर्यंत गेले. "पेढ्या, पेढ्या" अशा हाका ऐकू येत राहिल्या. मग हाका थांबल्या. परत आले तेव्हा पायांत चिखल होता आणि चेहऱ्यावर रंग नव्हता. ते ओसरीच्या कडेला टेकले.

"फाटक उघडं ठेवायला तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं."

"साखळी आहे घरात. स्टीलची. खोक्यातून काढलीसुद्धा नाही मी. तुमच्या शब्दासाठी." त्यांनी हातातला पट्टा गुंडाळला, परत सोडला. "तुम्हाला काय, माई. तुमच्याकडं वीस कुत्री आहेत. एक गेलं तर कळणारही नाही. मी आता तिला काय सांगू? परत दोन पणत्या वाढव म्हणून?"

माईंचा खराटा थांबला नाही.

…

चौगल्यांचा फोन वाजला.

"अहो, कुठं आहात तुम्ही?" शैलाताईंचा आवाज अंगणभर ऐकू आला. "चहा न घेता गेलात ते."

"शैला… पेढा…"

"तेच सांगतेय. माझ्याबरोबर मागं परसात होता. मी फुलं काढत होते, हा जास्वंदीखाली माती उकरत होता. तुम्ही मागं डोकावला असतात तर दिसला असता. पुढं आला, तुमच्या चपला ठेवायच्या जागी हुंगलं, घरभर फिरला, आणि सुटला की फाटकातून. हाक मारली तर वळूनसुद्धा बघितलं नाही मेल्यानं. तिकडं आलाय का?"

 चौगले उठून उभे राहिले होते.

उसातल्या वाटेवर पाती हलत होती.

आधी उभा कान दिसला. मग पडलेला. नाक जमिनीला लावून, धावत, पोटापर्यंत पाटाच्या पाण्यानं भिजलेला पेढा मठाच्या फाटकातून आत आला.

ओट्यावर त्याची आई उठली. शेपटी हलवत पुढं आली.

पेढ्यानं तिच्या तोंडाला नाक लावलं. क्षणभरच. मग तिला वळसा घालून अंगण ओलांडलं, माईंच्या खराट्यावरून उडी मारली, आणि चौगल्यांच्या चिखलानं भरलेल्या पायावर येऊन बसला. जीभ बाहेर, छाती धापा टाकत.

"पेढ्या," चौगले म्हणाले.

पेढ्यानं वर बघितलं.

चौगले खाली बसले. पट्टा हातातच राहिला. त्यांनी ओल्या कुत्र्याला दोन्ही हातांनी जवळ घेतलं, मग काय आठवलं कुणास ठाऊक, हात सैल सोडले. पेढा जागचा हलला नाही.

फोनमधून शैलाताई "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"आलाय," चौगले म्हणाले. "मला शोधत आलाय, शैला. मला."

त्यांना हसू येत होतं आणि डोळेही पुसायचे होते, आणि दोन्ही हातांना चिखल होता. शेवटी त्यांनी डोळे कुत्र्याच्याच मानेला पुसले.

"माई, मघाशी मी बोललो ते…"

माईंनी खराटा भिंतीला टेकवला.

"माई, शेहेचाळिसावा प्रश्न राहिलाय अजून. आता हा माझा झाला ना? आता नाही ना जायचा?"

…

माई ओसरीवर चढल्या. खुंटीवरचं पोतं काढलं. दोनदा झटकलं, उन्हात धूळ उडाली. चार पदरी घडी घालून त्यांनी ते चौगल्यांच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा. थंडी पडायला लागलीय. त्याच्या अंगाखाली घाल."