दोऱ्याला ताप येत नाही

"राणीच्या मनगटाला तुझा हात लागला, तर तो हात खांद्यावर राहणार नाही!"

"न राहो, महाराज. पण आधी नाडी पाहू द्या."

चीन देशी वेई नदीच्या काठी वेनलिंग राजा राज्य करीत असताना हे भांडण पेटले होते, आणि राजाला उलट बोलणारे वैद्य शू-आन हेच त्या जन्मीचे बोधिसत्त्व. गरोदर राणी तापाने फणफणली होती. तिथली रीत अशी, की राणीने पडद्याआड निजायचे, तिच्या मनगटाला रेशमी दोरा बांधायचा आणि वैद्याने बाहेर त्याचे टोक धरून नाडी सांगायची. दोऱ्यातून कोणाला काय कळणार, कपाळ! पण राजवैद्य काओ रोज दोरा धरी, डोळे मिटी, "नाडी उत्तम" म्हणे आणि रेशमाचे ठाण काखेत मारून घरी जाई. राणी मात्र खंगत चालली होती.

"आमच्या बोटांना कळते," काओ हसला. "याचीच बोटे बधिर दिसतात."

"काओबाबा, दोऱ्याला ताप येत नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "महाराज, औषध उष्ण द्यावे की गार, हे नाडीच सांगेल. चुकलो तर आई जाईल, मूलही जाईल. अंदाजाने मी देणार नाही."

पडद्याआडचे कण्हणे थांबले. मग ते पुन्हा सुरू झाले, पण बारीक. राजाचा हट्ट काही सुटेना.

"लोक काय म्हणतील? आमच्या कुळात परपुरुषाने हात धरला?" त्याने तलवार उपसली.

बोधिसत्त्वांनी उजवा हात पुढे केला. "आधी हा तोडा. डाव्याने पाहीन. पण लवकर करा."

तेव्हा कोपऱ्यातून राजमाता उठल्या.

त्या बोलल्या, आणि बोधिसत्त्वांनी नाडी पाहून गार औषध दिले. राणी वाचली, मूल वाचले, वैद्याचे दोन्ही हातही वाचले. तेव्हाचा राजा म्हणजे आज विहारात लोकलाजेने कुढणारा भिक्षू; काओ म्हणजे न कळताही मान डोलावणारा त्याचा सोबती; राजमाता म्हणजे ती तोंडाळ थेरी, विहारातली वडीलधारी भिक्षुणी, जिला सगळे वचकून असतात; आणि वैद्य म्हणजे स्वतः शास्ता, या सर्वांचे गुरू. खोट्याला ठाण मिळत असताना हात देऊन खरे बोलणे, हीच सत्यपारमिता.

पण तलवार म्यानात गेली, ती राजमातेच्या बोलण्याने:

"वेनलिंग, तू पोटात असताना मलाही असाच ताप भरला होता, आणि या शू-आनच्या गुरूने माझे मनगट धरले म्हणून तू आज जिवंत आहेस; छाटायचेच असेल, तर आधी हे मनगट छाट!"