बिनसीटची सायकल

एकदा एका शिष्येने आपल्या वृद्ध गुरुजींना सायकल विकत घ्यायला बरोबर नेलं. यात नवल काहीच नाही. त्या तालुक्याच्या गावात रीतच होती, की बैल घ्यायचा असो, शिलाई मशीन घ्यायचं असो, नाहीतर जावई निवडायचा असो, आधी गुरुजींना दाखवायचं. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांची दक्षिणा ठरलेली होती: व्यवहार झाला की चहा आणि गरम कांदाभजी. व्यवहार मोडला तर भजी दुप्पट, कारण त्यांच्या मते माणसाला खरेदीपासून वाचवण्याचे कष्ट अधिक असतात.

शिष्येचं नाव हर्षदा. लहानपणी गुरुजींच्याच वर्गात शिकलेली ही मुलगी आता स्वतः शिक्षिका झाली होती, आणि तिची नेमणूक डोंगरापलीकडच्या एका वस्तीवर झाली होती. एसटी डोंगराला वळसा घालून जायची आणि फाट्यावर सोडायची. तिथून चालत शाळेत पोहोचेपर्यंत प्रार्थनेची आणि पहिल्या तासाची, दोन्ही वेळा टळून गेलेल्या असायच्या. खिंडीतून सरळ वाट होती खरी, पण खिंडीपलीकडचा उतार इतका दगडाधोंड्यांचा, की तिच्या भावाच्या स्कूटीनेही तिथे हात टेकले होते.

केंद्रप्रमुख सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, असं किती दिवस चालणार? मुलांचं नुकसान, तुमचे हाल. दिवाळीनंतर तुम्हाला गावाजवळची शाळा देतो." दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. हर्षदाला मात्र रडू आलं. त्या शाळेतून आजवरचे सगळे शिक्षक असेच, कुणाचाही दोष नसताना, एकेक करून निघून गेले होते. आणि मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिला अगदी साध्या सुरात विचारलं होतं, "बाई, तुम्ही कधी जाणार?"

म्हणून सायकल. तीही शिक्षणसेवकाच्या मानधनात बसेल अशी.

दुकानदार मोतीशेठ नव्या आणि जुन्या, दोन्ही सायकली विकायचे. जिभेवर खडीसाखर. त्यांनी हर्षदाला बघितलं, तिची अडचण ऐकली आणि एक झगझगीत सायकल पुढे केली. कोरी करकरीत, लालभडक, पुढेही स्प्रिंग आणि मागेही स्प्रिंग.

"ताई, दगडावरून जाल तर वाटेल पालखीत बसलोय. आणि किंमत बघा, तुमच्याच बजेटमध्ये."

हर्षदाचा जीव तिच्यावर जडला. कोपऱ्यात साधारण त्याच किमतीची दुसरी एक सायकल होती. ती वापरलेली होती, अंगभर ओरखडे, सीटचा रेक्झिन फाटलेला. स्प्रिंग होती ती फक्त पुढे. मागे नुसता कडक सांगाडा. सायकलवाले हिला हार्डटेल म्हणतात, म्हणजे जिची मागची बाजू अजिबात वाकत नाही ती.

गुरुजींनी आधी लाल सायकल उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "अगं, ही सायकल आहे की गाभण म्हैस?" मग ते म्हणाले, "शेठ, जरा दुकानासमोरच्या चढावर चालवून दाखवा." मोतीशेठ हौसेने बसले. प्रत्येक पायडलला सायकल मागून दबायची आणि पुन्हा वर यायची. मोतीशेठ चढावर कमी आणि वरखालीच जास्त जात होते. अर्ध्यातच ते उतरले आणि हसत घाम पुसू लागले.

"तुझ्या पायातला निम्मा जोर ही मागची स्प्रिंगच खाणार," गुरुजी हर्षदाला म्हणाले. "मग खिंड कोण चढणार?"

जुन्या सायकलजवळ मात्र ते बराच वेळ रमले. ती उलटी उभी करून त्यांनी चाकं फिरवली आणि ती ब्रेकच्या रबराला कुठे घासतात का ते पाहिलं. हँडलखालच्या जोडावरून बोट फिरवून कुठे चीर नाही ना, याची खात्री केली. पुढच्या स्प्रिंगवर सगळा भार टाकून ती दाबली, तेल गळत नाही हे पाहिलं, गिअर वरखाली बदलून ऐकले. शेवटी म्हणाले, "ओरखडे रंगाला आहेत, हाडाला नाहीत. हीच घ्यायची."

हर्षदाचा चेहरा उतरला, पण गुरुजींचा शब्द मोडण्याची गावात पद्धत नव्हती. घासाघीस झाली, पैसे दिले. आणि मग गुरुजींनी ते विचित्र काम केलं. त्यांनी मोतीशेठकडून पाना मागून घेतला, सायकलची सीट तिच्या नळीसकट उपसून काढली, उरलेल्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला आणि सीट आपल्या पिशवीत टाकली.

"ही माझ्याकडे राहील. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा."

"अहो गुरुजी! मग मी बसू कशावर?"

"बसायचं कशाला? तुला पोचायचंय ना? चढावर हातात धरून ने, खिंडीतून उभ्याने उतर. हळूहळू."

मोतीशेठांनी कपाळावर हात मारला. "आजवर बिनघोड्याची वरात ऐकली होती गुरुजी, बिनसीटची सायकल आज बघितली!" गुरुजींनी शांतपणे भजी मागवली.

पहिले दिवस हर्षदाचे फार वाईट गेले. उतारावर ती पायडलवर खांबासारखी ताठ उभी राहायची, हँडल आवळून धरायची आणि प्रत्येक दगड तिच्या टाचेतून थेट दाढेपर्यंत यायचा. एकदा ती घाणेरीच्या झुडपात जाऊन पडली. शाळेत पोरं पोट धरधरून हसली, "बाईंच्या सायकलला सीटच नाय!" गुरुजींनी भजी खाऊन वर माझी सीटही लांबवली, असं ती घरी आईला चक्क म्हणाली. तिला खरोखर राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. सायकलही जमली नाही, तर शाळा गेलीच.

मधल्या एका सकाळी ती खिंडीत पोहोचली तेव्हा पाय इतके थकले होते, की ताठ उभं राहण्याचं त्राणच उरलं नव्हतं. गुडघे आपोआप वाकले. कोपरं सैल झाली. ती उतरू लागली आणि काहीतरी अजबच घडलं. खाली सायकल दगडांवरून उड्या मारत होती, डावीकडे जात होती, उजवीकडे जात होती, आणि वर हर्षदा मात्र स्थिर होती. दगड येत होते आणि पायांखालून निघून जात होते. तिला इतका आनंद झाला, की ती मोठ्याने ओरडली. बाजूला गवत कापणारी एक बाई दचकून उभी राहिली.

"काय झालं गं? साप निघाला का काय?"

"नाही मावशी! उतरता आलं! मला उतरता आलं!"

"मग एवढं बोंबलायचं व्हय," मावशी म्हणाली, पण तीही हसत होती.

रविवारी हर्षदा गुरुजींच्या ओट्यावर हजर झाली. राग कुठल्या कुठे पळाला होता, कुतूहल तेवढं उरलं होतं. "गुरुजी, हे तुम्ही मला दुकानातच तोंडाने का नाही सांगितलं?"

गुरुजी म्हणाले, "पाढे तरी तू माझ्या तोंडून ऐकून शिकलीस का? चुकून चुकूनच शिकलीस. हे बघ बाळ, दोन्हीकडे उत्तम स्प्रिंग असलेल्या सायकली असतात, आणि त्या चांगल्याच असतात. पण त्या तुझ्यामाझ्या ऐपतीतल्या नाहीत. आपल्या ऐपतीत येतं ते त्यांचं सोंग. हातात थोडकं असलं, की माणसाने एक गोष्ट खरी घ्यावी, दोन गोष्टी खोट्या घेऊ नयेत. पुढची स्प्रिंग तुला खरी मिळाली. मागची कुठून आणायची? ती परमेश्वराने तुला जन्मतःच दिलेली आहे. घोटे, गुडघे, कंबर. फक्त तू ती कधी वापरली नव्हतीस. सीट असती, तर पहिल्याच दगडाला तू तिच्यावर गच्च बसली असतीस, धक्का पाठीत घेतला असतास आणि चार दिवसांत म्हणाली असतीस, ही वाटच वाईट आहे. वाट जशी आहे तशीच राहणार. तिच्यावर वाकायचं कसं, तेवढं आपल्या हातात असतं."

 हर्षदाचे डोळे भरून आले होते.

गुरुजींनी पिशवीतून सीट काढली. तिचा फाटका रेक्झिन काढून त्यांनी नवा, काळा, टाचून बसवला होता. ती समोर धरून त्यांनी विचारलं, "मग? आता देऊ, की नको?"

अशा कथांमधले शिष्य या ठिकाणी हात जोडतात आणि म्हणतात, गुरुदेव, आता हिची गरज उरली नाही. हर्षदाने सीट जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"द्या की! सपाटीवर आणि चढावर काय उभ्यानेच जाऊ? मांड्या भरून आल्यात माझ्या. खिंड आली की हिला खाली करीन आणि उठेन. तोवर बसेन सुखाने."

गुरुजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "पास!" ते कसेबसे म्हणाले. "अगं, उठायचं कळणारे पुष्कळ असतात. बसायचं केव्हा, हेही कळणारी तूच पहिली."

सोमवारी हर्षदा वस्तीवर पोहोचली तेव्हा शाळेचं कुलूप अजून लागलेलं होतं आणि अंगणात चिटपाखरूही नव्हतं. तिने सायकल भिंतीला टेकवली आणि केंद्रप्रमुखांना फोन लावला. "सर, दिवाळीनंतरची ती शाळा तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या." मग ती पायरीवर बसून राहिली.

थोड्या वेळाने मुलांचा घोळका आला. बाईंना पायरीवर बसलेलं पाहून सगळी जागच्या जागी थबकली.

"बाई, आज शाळा लवकर हाय का?"

"नाही रे," हर्षदा म्हणाली, "शाळा रोजच्याच वेळेला आहे. आज मीही आहे."