नंदीबुवांची घुंगरं

फार जुनी गोष्ट. रानानं नंदीबैलाला आपला पुढारी म्हणून निवडून दिलं, कारण त्याच्याकडून कुणालाच कधी नकार मिळत नसे.

एकदा टिटवी त्याच्याकडे गेली. "नंदीबुवा, तळ्याकाठच्या वाटेवर माझी अंडी आहेत. पिल्लं निघेपर्यंत म्हशींना वरच्या वाटेनं जायला सांगाल?"

नंदीनं मान डोलावली. घुंगरं वाजली. टिटवीचा जीव भांड्यात पडला.

ती निघते तोच म्हशी आल्या. "बुवा, आम्ही काठानंच जाणार हं!"

घुंगरं वाजली, तितकीच गोड.

टिटवी माघारी वळली. ती शांतपणे म्हणाली, "बुवा, पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला निवडू का?"

घुंगरं वाजली.