मडक्यांच्या छताखाली

बोरखडीच्या शाळेत शिरलं की मान आपोआप वर जाते. छतात ओळीनं मडक्यांची तोंडं दिसतात. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत पंखा लागत नाही. पाहुणे चकित झाले की गावातला म्हातारा दौलतआजा खाली बसतो आणि भागाबाई कुंभारणीची गोष्ट काढतो.

पूर्वी इथे पत्र्याची शाळा होती. उन्हाळ्यात पोरं घेरी येऊन पडायची, म्हणे. लाकूड-कौलं गावाच्या आवाक्यात नव्हती. तेव्हा शाळेच्या देवपुजारी गुरुजींनी चुन्यात उपडी मडकी बसवून छत करायचं ठरवलं. चुना कमी लागेल, आणि मडक्यातली हवा ऊन अडवील.

मडकी भागाबाईची. एकेक वाजवून, पक्कं भाजलंय का ते पाहिल्याशिवाय ती मडकं देत नसे. पण मडकी भाजायचा शेवटचा आवा उघडला आणि आभाळ भरून आलं. पाऊस गाठेल म्हणून गाडी तशीच भरून गेली. मडकी छतात बसली, चुना सुकला. मग एक दिवस आवा साफ करताना तळाशी तिला कच्ची खापरं सापडली; म्हणजे त्या आव्यातली काही मडकी नीट भाजली नसणार. दुसऱ्या दिवशी छताखालचे टेकू निघणार होते. खाली गावची पोरं बसणार होती, त्यांत तिची लेक सुंदराही होती.

ती तशीच गुरुजींकडे गेली.

"गुरुजी, शेवटची मडकी म्या वाजवून पाह्यली नाई. कच्ची असतीन त?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "कोणती ती, ओळखता येतील?"

"आता कसी येतीन?"

छत फोडावं, तर पोरं पुन्हा पत्र्याखाली.

"मंग टेकू काढा," भागाबाई म्हणाली. "पन खाली पयले मी बसीन."

सकाळी ती एकटी आत बसली. पहिला टेकू निघाला तशी चुन्याची भुकटी तिच्या पदरावर पडली. ती उठली नाही. ते पाहून गुरुजी तिच्याशेजारी जाऊन बसले. मग एकेक करत पोरांच्या आया आल्या, बाप आले. शेवटचा टेकू निघाला तरी सगळे दिवस मावळेपर्यंत वर बघत बसून राहिले, असं सांगतात. छत हललं नाही.

आजही दरवर्षी सुट्टीनंतर शाळा उघडते त्या दिवशी आधी आईबाप आत बसतात. दुपार होते, घरची कामं खोळंबतात, तरी कोणी उठत नाही. पोरं बाहेर निंबाखाली खेळत असतात.

"एवढी वर्षं टिकलंय छत, अजून भीती वाटते?" पाहुणे विचारतात.

"वाटते ना," दौलतआजा म्हणतो. "पोरं आत जाणार असतात."