हैबतीच्या उसन्या शिव्या

शके अठराशे तीस, फाल्गुन वद्य पंचमी. ज्वारीची काढणी उरकली होती, नदी आटून मधल्या धारेवर आली होती, आणि उंबरमाळ गाव पळसदऱ्याशी हुतूतूत लागोपाठ दुसऱ्या वर्षी हरलं.

चाल जुनी होती. दोन गावांच्या मधून एकच नदी, नदीवर एकच बंधारा. उन्हाळ्यात पाटाला पाणी थोडं. पहिली पाळी ज्याची त्याचं शिवार हिरवं, दुसऱ्याला उरेल ते. त्यावरून फार वर्षांपूर्वी डोकी फुटत. मग दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवून दिलं, की रंगपंचमीला नदीच्या वाळूत हुतूतू खेळा. जिंकेल त्याची त्या सालची पहिली पाळी. जे गाव लागोपाठ तीन वर्षं हरेल, त्याचा हक्क कायमचा गेला.

खेळ सोपा. एका दमात हुतूतू म्हणत पलीकडे शिरायचं, गडी शिवायचा आणि दम टिकवून रेघेवर परत यायचं. शिवलेला मेला, त्यानं बाहेर बसायचं. शिरणाऱ्याला धरलं आणि तरी तो रेघेवर पोचला, तर धरणारेही मेले. दम सुटला तर शिरणारा मेला. या सामन्यात आणखी एक मुभा होती. समोरच्यानं तोंडानं काय वाटेल ते बोलावं. शिरलेल्यानं उत्तर दिलं की दम गेला.

उंबरमाळच्या हैबतीसारखा दम पंचक्रोशीत नव्हता. तो नदीच्या अलीकडच्या काठाला बुडी मारी आणि भरल्या पाण्यातून थेट पलीकडे निघे, असं म्हणतात. पण रागानं तो कधी पेटेल याचा नेम नसे. आणि पळसदऱ्याकडे पिराजी होता. वाळकुडा, खेळात कामाचा नाही. त्याला नुसता बोलायला उभा करत.

त्या दिवशी हैबती शिरला, तसा पिराजी म्हणाला, “हैबत्या, तुझा बा म्हशीची शेपटी धरून नदी उतरायचा. तू कुणाची धरून आलास रं?”

“तुझ्या बाची,” हैबती म्हणाला.

बोलला आणि मेला. सगळी वाळू हसली. उंबरमाळचं पाणी त्या एका वाक्यात गेलं.

ज्ञानू तात्या उंबरमाळच्या गड्यांचा म्होरक्या. कडक माणूस. कुणापुढे वाकला नाही, कुणाला घाबरला नाही, निदान गावानं तसं पाहिलं नव्हतं. तो घरी जाताना हैबतीला एवढंच म्हणाला, “तुझ्या छातीत भाता हाय. पर तोंडाला कडी न्हाई.”

हैबती चार दिवस दिसला नाही. मग चावडीवर आला. पाटील होता, तात्या होता, बरंच गाव होतं.

“मला शिव्या द्या,” हैबती म्हणाला.

“दिल्या की त्या दिवशी,” पाटील म्हणाला. “पुरल्या न्हाईत व्हय?”

“रोज द्या. लहानथोरांनी, बायाबापड्यांनी, समद्यांनी. मी उलटून बोलणार न्हाई. उसन्या द्या म्हणा. पुढच्या साली जिंकलो की ज्याच्या त्याच्या घरी परत करीन.”

गावानं देणं सुरू केलं, आणि हात आखडता घेतला नाही. पाणवठ्यावर येसू म्हातारी म्हणे, “मेल्या, तुझं तोंड बघून माझ्या म्हशीनं दूध चोरलं.” न्हावी म्हणे, “तुझ्या डोक्यावर वस्तरा चालवायचा म्हंजे खडकावर नांगर.” शाळेत न जाणारी पोरंसुद्धा शिव्या पाठ करून येत.

पहिले दिवस वाईट गेले. हैबती मुठी वळी, पळत जाऊन नदीत डोकं बुडवी. एकदा त्यानं कुळवाचा दांडा गुडघ्यावर मोडला. तो जिथे डोकं बुडवी तिथलं पाणी कोमट होई आणि बाया तिथे पोरांना न्हाऊ घालत, असं म्हणतात. आषाढापर्यंत मुठी सैल झाल्या. दिवाळीला तो शिवी ऐकून मान हलवू लागला. पौषात गावाकडच्या शिव्या संपल्या. तेव्हा दोघे जण आठवड्याच्या बाजाराला फक्त नव्या शिव्या ऐकायला जात, असंही म्हणतात.

साऱ्या गावात एकट्या तात्यानं शिवी दिली नाही. “मला जमत न्हाई,” म्हणाला. तो नुसता बघत राहिला.

माघात सराव सुरू झाला आणि तात्याला भलतंच दिसलं. हैबतीचा दम पहिल्यापेक्षा लांबला होता. बोला, टोचा, थुंका, तो सुटत नव्हता. पण हैबती शिरे आणि पलीकडे देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखा फिरून येई. पाय उचलत नव्हते. हात पुढे जात नव्हता. समोरचा गडी हाताशी आला तरी त्याला शिवावंसं वाटत नव्हतं.

तात्या पाटलाकडे गेला. “आपण आग चुलीत घालाया निघालो हुतो. इझवूनच बसलो.”

“आता?”

“आता काय. रंगपंचमी आली.”

शके अठराशे एकतीसची रंगपंचमी. वाळूत रेघ मारली. दोन्ही काठांवर माणसं. दिवस मावळेल तेव्हा ज्याचे गडी जास्त जिवंत, तो जिंकणार होता. दुपार कलली आणि उंबरमाळचे गडी एक एक करून मेले. तात्या स्वतः मेला आणि रेघेशेजारी जाऊन बसला. मागे उरला एकटा हैबती. पलीकडे सात जण धडधाकट.

हैबती शिरला. पिराजीनं त्याचा बाप काढला, आजा काढला, त्याची म्हैस काढली, गावाचा मारुती सोडून सगळं काढलं. हैबतीच्या डोळ्याची पापणी हलली नाही. दम तसाच वाजत राहिला. आणि तो रिकामा परत आला. पुन्हा गेला, पुन्हा रिकामा. पळसदऱ्याचे गडी आले तर सावलीसारखा सरके, त्यांच्या हाती लागत नसे. पण त्याच्याही हाती कुणी लागत नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला. एकच फेरी उरली.

तात्या उठला. त्यानं हैबतीला रेघेपाशी बोलावलं. काठावर गाव कुजबुजलं, आता तात्या वर्षभर राखलेली शिवी देणार.

“भ्यालास का रं?” तात्यानं विचारलं.

“न्हाई तात्या.”

“राग?”

“न्हाई. काईच वाटत न्हाई. दगड झालोय.”

तात्यानं इकडे तिकडे बघितलं. दोन गावं बघत होती. त्यानं बाराबंदीचे बंद सोडले, हैबतीचा उजवा हात धरला आणि आपल्या उघड्या छातीवर ठेवला. आत काळीज हलगीसारखं कडकडत होतं.

“मी भ्यालोय,” तात्या म्हणाला. “दरसाली भितो. कुणाला सांगितलं न्हाई. पाणी गेलं तर गाव उठंल, हैबती. हे घे. हे घेऊन जा.”

हैबतीनं हात काढला नाही. त्याच्या दंडावर शीर उठली. मान ताठ झाली. पायाचे अंगठे वाळूत रुतले. तात्याच्या छातीतला ठोका त्याच्या तळव्यातून चढत गेला आणि साऱ्या अंगात पसरला, असं म्हणतात.

हैबतीनं दम भरला. काठावरच्या बाभळींची पानं त्याच्याकडे ओढली गेली, असं म्हणतात. तो शिरला तेव्हा डोकं बर्फासारखं होतं आणि पाय विस्तवासारखे. पहिला गडी शिवला गेला ते त्या गड्याला कळलं नाही. दुसरा मागे सरला, तर हैबती त्याच्या मागे होता. पिराजी ओरडत होता. हैबती त्याच्याकडे बघून हसला आणि दम तसाच वाजत राहिला. तिसरा शिवला. तेव्हा शिवलेले न शिवलेले सातही जण एकदम त्याच्यावर पडले.

ढीग झाला. हैबती दिसेना. पण ढिगाखालून हुतूतू येतच होतं, खोल विहिरीत पाणी घुमावं तसं. डोंगरावरच्या गुराख्यानं तो आवाज ऐकला, गुरं खाली आणली, गोठ्यात बांधली, तरी आवाज चालूच होता, असं म्हणतात. पिराजीचं बोलणं मध्येच थांबलं. तो खाली बसला आणि ऐकू लागला. दोन्ही काठ ऐकू लागले.

मग ढीग हलला. हैबती हाताच्या कोपरांवर सरकत होता आणि सात माणसं ओढत होता. त्याच्यामागे वाळूत चर पडत गेला आणि त्या चरात खालचं पाणी वर आलं. त्याचा उजवा हात रेघेवर पडला. पंजा उघडा होता. तेव्हाच दम थांबला आणि सूर्य गेला. सात जण मेले होते.

पाणी उंबरमाळकडे आलं. हक्क राहिला. तात्यानं बंद बांधले आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गाव पाराखाली जमलं. “हैबती, आमचं उसनं?” येसू म्हातारीनं विचारलं. हैबती पारावर चढला. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं आणि म्हणाला, “येत न्हाई.”

दरसाल तो पारावर चढे, दरसाल तसाच उतरे. शिव्या घेऊन घेऊन त्याच्या तोंडातून त्या कायमच्या गेल्या होत्या. तो म्हातारा होऊन गेला आणि उसनं तसंच राहिलं.

ते त्याच्या सुनेला, भागूला, सोसलं नाही. पुढच्या फाल्गुनात ती पारावर चढली. “ह्या घरानं घेतलंय, ह्येच घर देईल. या रांगेनं.”

तेव्हापासून उंबरमाळला रंगपंचमीच्या आदल्या दिवशी खेळणारा प्रत्येक गडी म्होरक्यापुढे उभा राहतो आणि त्याच्या उघड्या छातीवर हात ठेवतो. म्होरक्यानं भीती लपवायची नाही, असा दंडक आहे. मग गाव पाराखाली रांग लावतं. हैबतीच्या घरची सून वर उभी राहते आणि घरटी एक शिवी परत करते. तात्याच्या घरचे रांगेत नसतात, त्यांनी काही दिलंच नव्हतं. ते सुनेचा घसा सुकेल म्हणून घागर घेऊन बाजूला थांबतात.

शेवटी पाटील येतो.

“पाटील, तुमची मिशी बघून उंदीर बिळ बदलत्यात.”

पाटील फेटा सावरतो, मान वाकवतो, “फिटलं” म्हणतो आणि घरी जातो.