शिळेखालची खोबण

फार फार जुनी गोष्ट. तीन गावांनी मिळून एक नवं राज्य उभारलं. त्याचा पहिला कायदा तळ्याकाठच्या शिळेवर कोरला: 'देवाच्या साक्षीने ठरले, हे पाणी सर्वांचे.'

कोरणारे दोघे भाऊ पाथरवट होते. शिळा उभी करताना दोर तुटला आणि थोरला तिच्याखाली गेला. अक्षरं थोरल्यानं आखली होती. धाकट्याला वाचता येत नव्हतं, पण रोज सकाळी तो त्या अक्षरांवरून बोट फिरवी. भावाची तेवढीच खूण उरली होती.

पुढे एका उन्हाळ्यात तळं आटलं. मोठ्या देवळाचे पुजारी म्हणू लागले, शिळेवर देवाचं नाव आहे आणि देव म्हणजे आमचाच. तेव्हा पाणी आधी आमच्या भक्तांना, उरलं तर इतरांना. मेंढपाळ आणि नावाडी चिडले. मग ते नावच खरवडून टाका, म्हणाले.

सभेनं धाकट्याला बोलावलं. पुजाऱ्यांनी फर्मावलं, "देवाच्या नावाआधी 'आमच्या' एवढं कोर. चार घावांचं काम."

धाकटा मुळातच तापट. त्यानं छिन्नी तळ्यात भिरकावली.

"दादाच्या अक्षराला कुणी हात लावायचा नाही. काय ठरलं होतं ते बघायचंय ना? मग शिळा उपटा."

एक म्हातारी मेंढपाळीण हळूच म्हणाली, "लेकरा, तिनंच तुझा भाऊ नेला. पुन्हा हलवायची?"

"हलवायची, आजी. पहिला दोर मी धरतो."

पाथरवटांची रीत अशी, की शब्दाची शिळा रोवण्याआधी खाली खोबण करायची आणि शब्द देणाऱ्या प्रत्येक घरानं तिच्यात आपली एक वस्तू ठेवायची. त्यासाठी थोरला दारोदार हिंडला होता. 'कामं टाकून कसली भीक मागत फिरतोस,' असं धाकट्यानं त्याला टोचलं होतं. दोर ओढताना तेच त्याच्या कानात घुमत होतं.

शिळा कलली. खोबणीत एक रुद्राक्ष होता, लोकरीचा गोंडा होता, शिंपले होते, शेंदूर लावलेला रानातला खडा होता. आणि फडक्यात बांधलेली मूठभर माती.

"ही माती आमची," म्हातारी म्हणाली. "माझा नवरा कुठलाच देव मानायचा नाही. तुझा भाऊ म्हणाला, मग उंबऱ्याची माती द्या, पण तुमच्यावाचून शिळा रोवणार नाही."

पुजाऱ्यांनी रुद्राक्ष ओळखला. तो त्यांच्या वडिलांचा होता. त्यांनी तो उचलला नाही.

शिळा पुन्हा रोवली, अक्षरही न बदलता. दर घराला एकच घागर ठरली. त्या दिवशी रांगेत सगळ्यांत शेवटी पुजारी उभे होते.

देवाला साक्षी ठेवून दिलेला शब्द देणाऱ्यालाच सर्वांत आधी बांधतो.