बकुळीचे गुलाब आणि तांबूस पंखांची परी

डोंगराच्या कुशीत, जिथे दव सगळ्यात उशिरा सुकतं, तिथे बकुळी नावाची एक चिमुरडी आजारी आईबरोबर राहायची. त्यांची चूल पेटायची ती अंगणातल्या गुलाबांवर. फुलं विकली तर भाकरी, नाहीतर पाणी पिऊन झोप.

आणि यंदा गुलाबांवर भुंगेरे पडले! हिरव्या-तांबूस पाठीचे, चकाकणारे किडे. दिवस मावळला की घूंऽ घूंऽ करत उतरायचे आणि पानापानाची चाळण करायचे.

बकुळीला वाटायचं, हे शेजारच्या ठकूकाकूचंच काम. तिच्या मोगऱ्याला बरा एकही किडा लागत नाही!

एका संध्याकाळी ती किडे वेचत होती, तोच फांद्यांमागे लख्ख उजेड पडला. इवलीशी परी! केशरी झगा, केसांत दवाचे मोती आणि पंख... हिरवे-तांबूस, चकाकणारे.

बकुळी झटकन मागे सरली. "तू भुंगेऱ्यांची राणी तर नाहीस?"

"नाही गं सोनुली," परी हसली. "हे किडे मी इथून घालवते. पण नियम ऐक. ते मरणार नाहीत. तू ज्याचं नाव घेशील, त्याच्या बागेत जातील."

ठकूकाकूचं नाव अगदी जिभेवर आलं. पण बकुळीने ते गिळलं.

"मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही," ती पुटपुटली. "आणि काकूने पाठवले असले, तरी मोगऱ्याने माझं काय वाकडं केलंय? राहू देत इथेच. मी वेचीन."

"नक्की?"

"नक्की. आणि तूही मला फसवू नकोस हं!"

परीने टाळी वाजवली. "संशय मनात असूनही तू कुणाचं वाईट मागितलं नाहीस. आता तो नियमच मी बदलते!"

सगळे भुंगेरे एकदम उडाले आणि उडता उडता सोनेरी ठिणग्या झाले. त्या झगमगाटात परीही विरून गेली.

तरी सकाळी बकुळीने पान न् पान उलटून पाहिलं. एकही किडा नाही! फांद्या गुलाबी कळ्यांनी वाकल्या होत्या. आईच्या औषधाची, भाकरीची चिंताच मिटली.

उमललेल्या फुलांची पहिली ओंजळ घेऊन ती ठकूकाकूच्या दारात गेली. "काकू, किडे तू धाडलेस असं मला वाटलं होतं. चुकलं माझं."

काकूने एकेक फूल उलटून आत नीट डोकावून पाहिलं. मग खुदकन हसली.

"अगं, मला वाटायचं तूच धाडतेस! म्हणून तर रोज मोगऱ्याशी राखण करत, येईल तो किडा हाकलत बसायचे. ये, आत ये."